एका फळीएवढं सयाम

आषाढ लागला की माझ्या दुकानाच्या फळ्या फुगतात. सोलापूरचा पाऊस तसा नावालाच. ढग येतात, तळ्यावर घटकाभर सावली धरतात आणि निजामाच्या मुलखाकडे निघून जातात. पण हवेत ओल राहते आणि लाकडाला तेवढी पुरते. सकाळी फळी खाचेतून हलत नाही. मी खांदा लावतो, तोंडानं काहीबाही बोलतो, आणि समोरच्या धान्याच्या दुकानातून मल्लप्पा ओरडतो, "काय सयामवाले, आज कुणाला कोंडलंय आत?"

दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी मी चिडतो. मी तापट आहे हे मला कुणी सांगायला नको. आमच्या घरी ते सांगून सांगून दमले.

परवा वैरागचं एक जुनं गिऱ्हाईक सुनेला लुगडं घ्यायला आलं होतं. म्हातारा ओट्यावर टेकतो न टेकतो तोच मल्लप्पानं त्याला माझ्यावर सोडलं. "विचारा की ह्यांना. सयामात होते."

"सयाम म्हंजी कुटं?"

"ब्रह्मदेशाच्या पलीकडं," मी म्हणालो.

"तितल्या बाया काय नेसत्यात?"

"काष्टा."

"व्हय?" म्हातारा हातातली घडी सोडून माझ्याकडे बघत राहिला. "आपल्यावानी?"

"आपल्यासारखाच. जरा आखूड. बायका आणि पुरुष, दोघंही."

"आन तितल्या राजाला धरला म्हनं तुमच्या म्होरं?"

"राजाला नाही धरला. राजा समुद्रकाठी हवा खायला गेला होता. त्याचे चुलते-बिलते धरले."

"मग लई कापाकापी झाली आसंल."

"नाही. बाजार चालू होता."

म्हातारा मल्लप्पाकडे बघून हसला. "राजाचं राज गेलं आन बाजार चालू! काय बी सांगता की मालक." आणि त्यानं लुगड्याचा भाव आणखी पाडून मागितला. राजाबद्दल असं सांगणारा माणूस सुताबद्दल काय खरं सांगणार, असा त्यानं विचार केला असावा.

मला राग आला तो त्याचा नाही. सयामातले लोक मला भित्रा म्हणून हसले, आणि सोलापूरचे लोक मी सयाम पाहिलं ह्यावरच विश्वास ठेवत नाहीत. दोन्हीकडून माझाच माल खोटा ठरतो. माझ्या धंद्यात ह्याहून वाईट काही नाही.

*

मी डोक्यावर गाठोडं घेऊन वाढलेला माणूस. वैराग, बार्शी, मोहोळ, सगळे आठवड्याचे बाजार पायी केले. खण, पंचे, लुगडी. वडिलांनी काही ठेवलं नव्हतं आणि शाळेनंही फार दिलं नाही. भाव करणं ही एकच विद्या मला आली, आणि ती मी अशी शिकलो की समोरच्याच्या पापणीवरून मला कळतं, हा आता उठणार की बसणार. लोकांना वाटतं भाव करणं म्हणजे कंजूषपणा. भाव करणं म्हणजे दोन परक्या माणसांनी एकमेकांकडे नीट बघणं आहे. एरवी कोण कुणाकडे इतका वेळ बघतं?

मग तीस सालचा तो उन्हाळा आला. त्या उन्हाळ्याबद्दल आता सोलापुरात सगळे मोठमोठ्यानं बोलतात. तेव्हा कुजबुजसुद्धा ऐकू येत नव्हती. मार्शल लॉ. शहरात लष्कर, रस्ते रिकामे, आणि माझं तेव्हाचं भाड्याचं छोटं दुकान फळ्या लावून बंद. मी आत. उकाडा असा की कापडाच्या खळीचा वास तोंडात चिकटायचा. गिरणीचा भोंगासुद्धा वेगळा वाजतोय असं वाटे. फळ्यांच्या फटीतून बूट दिसायचे. माणसं दिसायची नाहीत, नुसते बूट.

माझ्या शेजारी एक टोप्यांचा दुकानदार होता. पांढऱ्या टोप्या शिवायचा. कुणाला तरी उत्तर द्यायला म्हणून त्यानं एक फळी सरकवली. एकच. संगिनीच्या टोकानं उडवलेली त्याची टोपी बुटांपाशी येऊन पडली एवढंच मी पाहिलं, पुढचं ऐकलं. तो जिवंत परत आला, पण त्यानं नंतर टोप्या शिवल्या नाहीत. पुढं कुठंतरी विहिरीवर रहाट ओढायच्या कामाला लागला म्हणतात. माणूस एका फळीनं एवढा बदलतो हे मी दीड हातावरून पाहिलं आहे. त्यामुळे मला फळ्यांबद्दल कुणी शिकवू नये.

*

त्याच सुमाराला एका सुरती शेठला बँकॉकच्या पेढीवर माणूस हवा होता. हातमागाचा माल ओळखणारा आणि भावात न वाकणारा. मी निघालो. सोलापुरातून सुटायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. सुटून कुठे चाललोय ते पाहिलं नाही. भाव करण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःचा सौदा मात्र न बघता केला.

सौदा असा होता: तीन वर्षांची खेप. तोवर घरी जायचं नाही. खाणं-राहणं दुकानात, पगार खेपेच्या शेवटी. पासपोर्ट शेठच्या तिजोरीत. "संभाळून ठेवतो," शेठ म्हणाला, आणि किल्ली जानव्याला बांधली.

बँकॉकात साम्पेंगच्या बाजारगल्लीजवळ आमचं दुकान. खाली कापड, वर माळ्यावर मी. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या चिन्याच्या चुलीचा धूर आमच्या कापडाच्या थानांना लागायचा. पाऊस असा की विचारायची सोय नाही. इथं सोलापुरात पाऊस आला तर माणसं बाहेर येऊन बघतात. तिथं पाऊस थांबला तर बघायला यायची. पेट्यांना बुरशी, दोरीवर न वाळणारं धोतर, कालव्यातलं काळं पाणी पायरीपर्यंत. रात्रंदिवस बेडूक. भाकरी नाही, शेठची माणसं भात आणि डाळ खायची, मी शेंगदाण्याची चटणी आठवून जेवायचो. खिडकीतून वर बघितलं तर आभाळसुद्धा एका पट्टीएवढं.

सयामी माणसं मात्र गोड. आम्हाला 'खेक' म्हणायची. म्हणजे पाहुणा. शिवी देतानाही तेच म्हणायची, पण हसून. बाजारात बाया काष्टा घालून, पान खाऊन काळे केलेले दात दाखवत हसायच्या आणि माझ्याशी भाव करायला बसायच्या. त्यांना ते आवडायचं. मलाही. सयामी भाषा मी तेवढीच शिकलो: आकडे, 'फेंग' म्हणजे महाग, 'दाय' म्हणजे होईल, 'मै दाय' म्हणजे होणार नाही. एवढ्यावर दुकान चालायचं. मला वाटायचं, मला सयामी येते.

*

संध्याकाळी ओट्यावर आमची बैठक. शेजारचे सरदारजी, रेशमाचे व्यापारी. रामदेव, गोरखपूरकडचा गवळी, कालव्यापलीकडे त्याच्या म्हशी. त्यानं सयामी बायको केली होती आणि त्यांची भाषा तो झोपेतसुद्धा बोलायचा. आणि मी. तिघं मिळून सयामचं राज्य चालवायचो.

माझ्या खेपेच्या दुसऱ्या साली मंदी होती. सरकारी बाबूंना काढत होते, पगार कापत होते. नदीवर नवा पूल झाला होता, राजघराण्याला दीडशे वर्षं झाली म्हणून. आणि बाजारात कुजबूज होती की हे घराणं दीडशे वर्षंच टिकायचं, असं कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय.

"बकवास," सरदारजी म्हणायचे. "ये लोग देवता हैं जी. राजा इनका बाप है. बाप पे कौन हाथ उठाता है?"

"जिसका चूल्हा ठंडा, उसका बाप कौन, सरदारजी?" रामदेव दुधाची कासंडी उपडी करून तिच्यावर बसायचा. "हमार साला बाबू था. अब मछली पकड़ता है."

"गोळी चालेल," मी म्हणायचो. "मी सोलापूर पाहिलंय."

"फिर आया इनका सोलापुर!"

आता कळतं. सरदारजींचं रेशीम राजवाड्यातल्या बायकांकडे जायचं, म्हणून राजा बाप. रामदेवचा मेहुणा घरी बसलेला, म्हणून चूल थंड. माझ्याकडे ना रेशीम ना मेहुणा. माझा पासपोर्ट दुसऱ्याच्या तिजोरीत, म्हणून मला सगळीकडे संगिनी दिसायच्या. परदेशात राहणारी माणसं त्या देशाच्या राज्याबद्दल बोलतात तेव्हा आपापल्या दुकानाबद्दल बोलत असतात. सयामी वर्तमानपत्र आमच्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं. मतं मात्र पक्की होती.

आणि एक गोष्ट तर मला अजून खुपते. आमची सगळ्यांची नोंद ब्रिटिश वकिलातीत. काही झालं तर तिथलं निशाण तुमचं रक्षण करील, असं शेठ सांगायचा. ज्या निशाणाच्या भीतीनं मी सोलापुरात फळ्या लावून बसलो, बँकॉकात तेच माझं छप्पर! हे मी सरदारजींना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. रामदेवही नाही.

*

तिकडे एक रीत आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू विहार सोडून मुक्कामाला कुठे जात नाहीत. आपल्या चातुर्मासासारखंच. आणि तो मुक्काम सुरू व्हायच्या आधी गावोगावची विशीतली पोरं भिक्षू होतात. तेवढ्या एका पावसाळ्यापुरती. मग परत येऊन लग्न करतात. आपल्या मुंजीसारखी मिरवणूक, ढोल, छत्री. मुलगा पांढऱ्या वस्त्रात. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी डोकं भादरायचं, भुवयासुद्धा. पण पहिली बट आई-बापांनी कापायची. विहारातली वस्त्रं आईनं हातावर घेऊन चालायची. त्या पुण्यावर आई तरते असं त्यांचं म्हणणं. रामदेवनं हे मला समजावलं होतं, कारण त्या दिवसांत पांढऱ्या कापडाला गिऱ्हाईक फार आणि शेठची ताकीद होती की मलमल कमी पडता कामा नये.

मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. त्यांचे तीन महिने, माझी तीन वर्षं. आणि त्यांनी आपण होऊन दार लावून घेतलेलं.

शेठ सुरतेला गेलेला; त्या सकाळी मी एकट्यानं दुकान उघडलं आणि एक बाई आली. पन्नाशीच्या अलीकडची, केस पुरुषासारखे आखूड, ओले. बगलेत पांढऱ्या कापडाची घडी. तिनं ती उलगडून माझ्यापुढे टाकली. मधोमध छप्पर गळल्याचा मोठा पिवळा डाग. मग तिनं एका हातानं उंची दाखवली, माझ्याहून वीतभर जास्त; दोन बोटांची कात्री करून कपाळावरची बट कापल्यासारखं केलं; विहाराच्या दिशेला हात जोडले; आणि बाहेरच्या उन्हाकडे बोट करून पाय आपटला. आज. आत्ता. पोरगा थांबलाय.

मी मलमल काढली. ती म्हणाली, "फेंग." मी म्हणालो, "मै दाय." म्हणजे सगळं रीतीप्रमाणे सुरू झालं. घाई असूनही भाव सोडत नव्हती. मला ती बाई आवडली.

तेवढ्यात गल्लीत गलका. रामदेव कासंड्या आदळत धावत आला. "फौज निकल आई है भैया! चौक में गाड़ियाँ, तोप, सब! राजा के चाचा-भतीजा सब पकड़े गए!" आणि तसाच पुढे गेला.

मी विचार केला नाही. आजही करणार नाही. मी फळ्या लावल्या. सगळ्या, एकामागून एक, ओल्या लाकडाला बुक्क्या मारून खाचेत बसवल्या आणि आतून आडणा घातला. मग मागे वळलो.

अंधारात ती उभी होती, मलमल छातीशी धरून. तिला वाटलं भाव पटला नाही म्हणून मी दुकान बंद करतोय. घाबरून तिनं भाव वाढवला.

*

मी तिला काय सांगणार? बंदूक दाखवली हातानं. बूट दाखवले. टोपी उडाली ते दाखवलं. ती बघत राहिली. मग तिनं पुन्हा दोन बोटांची कात्री केली आणि आडण्याकडे आली. मी आडवा झालो. "मै दाय."

बंद दुकान, परकी बाई, बाहेर लष्कर. कुणी फळी फोडून आत आलं तर तिच्या घरच्यांना मी काय सांगणार, हेही डोक्यात. उकाडा तोच. खळीचा वास तोच. मला खरंच क्षणभर कळेना की मी कुठल्या गावात आहे. फटीला डोळा लावायचं धाडस होईना, कारण तिथं काय दिसतं ते मला माहीत होतं.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. थोडा वेळ गेल्यावर थानांच्या ढिगाला टेकून खाली बसली, कनवटीचा डबा काढला, पान लावलं, अर्धं मला दिलं. मग शांतपणे फळ्यांवर हात थोपटून तीन बोटं वर केली. "साम."

तीन फळ्या काढ.

माझं डोकं तापलेलं होतं, पण कान धंदेवाल्याचे. समोरून आकडा आला की मी गप्प बसू शकत नाही. "मै दाय."

"सोंग." दोन.

मी मान हलवली. वर हात करून सूर्य डोक्यावर आणला, मग पश्चिमेला कलता केला. संध्याकाळी. ती हसली, अगदी मी पडेल भाव ऐकून हसतो तशी. उठून मलमल परत थानांवर ठेवली, घडी सारखी केली. म्हणजे माल नको, सौदा तुटला. मीसुद्धा गिऱ्हाइकाला असंच करतो. हे नाटक आहे हे मला माहीत होतं, पण मलमलीची एक कड तिनं हातातून सोडली नव्हती. भाव करताना मालाची कड हातात राहू देऊ नये. जो राहू देतो त्याचं काहीतरी खरंच जात असतं.

मी अर्धी फळी दाखवली. नुसतं बघायला. ती म्हणाली, "नुंग." एक. एक पुरी. आणि स्वतःच्या अंगाकडे दाखवलं, आडवं वळून: मी मावते एवढ्यात.

मी म्हणालो एक, पण आधी डोकं माझं बाहेर जाणार. हे मी खुणेनं सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या वेळी तिला कळलं असावं की ह्या माणसानं आपल्याला कोंडलेलं नाही. हा स्वतःच आत कोंडलेला आहे. "दाय," ती म्हणाली.

मी आडणा काढला. फळी सरकेना. फुगली होती. मी खांदा लावला, तिनं काष्टा खोचला आणि खालून दोन्ही तळहात लावले, आपल्याकडच्या हातमागवाल्या बायका सुताचं ओझं रेटतात तसे. करकरत फळी वर गेली. उजेड आत आला. मी डोळे मिटून डोकं बाहेर काढलं.

डोकं राहिलं जागच्या जागी. मी डोळे उघडले.

समोर चिनी शेवया उकळत होता. त्याच्या बाकावर एक शिपाई बसून वाडग्यात फुंकर घालत होता, बंदूक गुडघ्यांत. जवळच रामदेव दुसऱ्या शिपायाला लोटीनं दूध मोजून देत होता आणि त्याच्याशी हसत होता. उन्हातच पाऊस भुरभुरत होता. एक बाई छत्री धरून मासे घेऊन चालली होती.

मी बाजूला झालो. तिनं पैसे गल्ल्यावर टाकले, माझ्या शेवटच्या भावाचे नव्हे, तिच्या. मलमल जुन्या डागाळलेल्या कापडात गुंडाळली आणि आडवी होऊन फटीतून बाहेर पडली. बाहेर गेल्यावर वळून मला एक लांबलचक वाक्य ऐकवलं. ते मला एका शब्दानंही कळलं नाही आणि पूर्ण कळलं. मग काष्टा सावरत, चिखलातून, त्या वयाची बाई पळत सुटली. वळणापर्यंत मला दिसली.

ऊन कुठवर चढलं होतं ते मी पाहिलं. पोरगा थांबला असेल की मुहूर्त थांबला नसेल, ह्याचा हिशेब मी करायला लागलो आणि तो जमेना.

*

मी बाहेर पडलो नाही. हे लोकांना कळत नाही. फळी निघालेली, समोर शेवया, शिपाई हसतोय. तरी संध्याकाळपर्यंत मी आतच बसलो. एक राज्य बदललं, जगातल्या वर्तमानपत्रांत आलं, आणि मी त्या शहराच्या मधोमध असून पाहिलं ते एका फळीएवढं. माणूस कुठेतरी एकदा कोंडला गेला की पुढे दार उघडं असून चालत नाही.

संध्याकाळी ओट्यावर सरदारजींनी पोट धरलं. "पूरी गली में एक दुकान बंद! सयाम का इन्क़लाब सोलापुरवाले ने ही मनाया!" रामदेवनं तर मला डोळे मिटून डोकं बाहेर काढताना पाहिलं होतं, तो तसं करून दाखवायचा, सगळ्या गवळ्यांना, म्हशींनासुद्धा. शेठ सुरतेहून परतला तेव्हा त्याच्या कानावर ते आधीच गेलं होतं. "सोलापुर में क्या खाते हो, डर?" एवढंच म्हणाला. ऐन मलमलीच्या दिवसांत पेढी बंद ठेवली म्हणून खेप पुरी झाल्यावरही मला पुढचा माणूस येईतोवर ठेवून घेतलं. पासपोर्ट तिजोरीत, मी कुठे जाणार?

हसले त्याचं मला काही नाही असं मी म्हणतो, पण ते खरं नाही. त्यांनी तो टोपीवाला पाहिला नव्हता. ज्यानं पाहिला नाही त्यानं हसावं, आणि ज्या सोलापूरनं पाहिला त्यानंही हसावं, हे मला मान्य नाही. मल्लप्पाला मी परवा हेच सुनावलं. तो म्हणाला, "यप्पा, मी पण तेव्हा आतच होतो की रे. म्हणून तर हसतो." मग मात्र मी त्याच्याकडून चहा घेतला.

पण हे सगळं बाजूला. त्या दिवसांत मला छळत होतं ते वेगळंच. सकाळी फळ्या काढताना, मलमल मोजताना, गल्लीतून ढोल आणि छत्र्या जाताना. ती पोचली का?

*

भिक्षूंचा मुक्काम सुरू झाला, मिरवणुका थांबल्या, पाऊस नुसता कोसळत राहिला. आणि एके दुपारी ती दुकानात आली.

मी उभाच राहिलो. ती ओट्यावर बसली, छत्री झटकली, पिवळ्या थानाकडे बोट केलं. पावसाळ्यात भिक्षूंना अंघोळीसाठी कापड दान करतात, त्यासाठी. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. माझी सगळी विद्या तिथं थांबली.

मला विचारायचं होतं, तुम्ही वेळेवर पोचलात का? इतकं साधं. आणि माझ्याकडे शब्द कोणते? एक, दोन, तीन. महाग. होईल, होणार नाही. सयामच्या राजाचं काय चुकलं हे मी तासभर सांगू शकलो असतो, हिंदीत, सरदारजींना. ह्या बाईला एक वाक्य विचारता येईना.

रामदेव पलीकडे दूध घालत होता. मी त्याला ओढत आणला. "विचार हिला. त्या दिवशी पोचली का? पोराचे केस?"

रामदेवनं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मधेच आवाज चढला, मधेच हसली. उजवा हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, मागून, बाजूंनी, सगळीकडून, वस्तरा फिरतो तसा. आणि कपाळाशी आणून थांबवला. तिथं दोन बोटांत काहीतरी अगदी बारीक धरलं. तसंच धरून ठेवलं थोडा वेळ. मग तिचे डोळे भरले आणि तिनं ती बोटं सोडली.

"क्या कहा?" मी विचारलं.

"कहती है, पहुँच गई थी."

"एवढंच?"

"मतलब तो यही है, भैया."

"अरे, ती इतकं बोलली! सगळं सांग की."

"दूध फट जाएगा हमार," तो म्हणाला आणि कासंडी उचलून चालायला लागला.

त्या माणसावर माझा राग अजून गेलेला नाही. गजभर कापडाचे पैसे घेऊन चिंधी द्यावी तसं त्यानं केलं. तिनं सांगितलेलं सगळं त्याच्याकडे राहिलं, म्हशींबरोबर. मला मिळाला तो तिचा हात. त्यावरून मी असं धरलंय की बाकीचं डोकं भादरून झालं होतं आणि पुढची एक बट तिच्यासाठी राखून पोरगा बसला होता. तसंच असेल. मी ह्यापुढे ताणत नाही.

मग मी पिवळं थान खाली काढलं. तिनं भाव विचारला. मी मुद्दाम भलताच सांगितला. "फेंग!" ती ओरडली. मी मान हलवली. तिनं पडेल आकडा मागितला, मी कपाळाला हात लावला. तिनं उठल्यासारखं केलं, मी थान गुंडाळल्यासारखं केलं. बाहेर पाऊस पडत होता. आम्हाला दोघांना मिळून येत होती ती एवढीच भाषा, आणि मी ती पुरवून पुरवून वापरत होतो. पान निघालं, अर्धं तिचं, अर्धं माझं. आकडे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

तिलाही त्या दिवशी घाई नव्हती.